लॉरीची आडफळी

अन्याय झाला तो माझ्या बापावर, दौलत मिस्त्रीवर, आणि त्यानं साक्षीला नेलेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या पाच म्हाताऱ्या माणसांवर. साल १९६१. दिवस तान्ह्या पोळ्याचा. वेळ दुपारची, लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन दारोदार निघायच्या आधीची. जागा यवतमाळातल्या कापसाच्या एका जिनच्या कचेरीची ओसरी. हे सगळं आधीच सांगून टाकतो. आमच्या लोकांवरचे अन्याय सांगताना 'पूर्वी कधीतरी', 'कुठंतरी', 'कोणाकडून तरी' असं बोलायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्या सवयीशी माझं भांडण विशीत सुरू झालं आणि अजून मिटलेलं नाही.

भांडणाचं मूळ एक लॉरी. जिनच्या मालकाच्या, म्हणजे शेठच्या, वडिलांनी इंग्रजांच्या अमदानीत मुंबईहून आणलेली, लाकडी आऱ्यांच्या चाकांची, भरीव रबराच्या टायरांची, समोर दांडा फिरवून चालू करायची. जिल्ह्यातली पहिली लॉरी म्हणत. मी ते तपासलेलं नाही. हंगामात ती कापसाचे बोजे वाहायची आणि बाजाराच्या दिवशी माणसं, कळंबकडची, आर्णीकडची. लढाईच्या काळात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तिला जिनच्या मागच्या शेडमध्ये ढकललं ते ढकललंच. मी पाहिली तेव्हा बॉडी वाळवीनं खाऊन खाली बसली होती. उरलं होतं इंजिन, चासी आणि चाकं. नवं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी शेठच्या मनात आलं की दसऱ्याला ही लॉरी पुन्हा गावातून मिरवावी. त्यासाठी समिती झाली. समिती म्हणजे एक वकीलसाहेब आणि त्यांनी मान हलवली की मान हलवणारे चौघं. ठरलं असं की बॉडी नवी बांधायची, पण जुनीसारखी हुबेहूब. काम माझ्या बापाला मिळालं.

बापाला मिळालं यात उपकार नव्हता. नागपुरात एका मुसलमान उस्तादाच्या हाताखाली तो ट्रकच्या बॉड्या बांधायला शिकला होता, आणि आपण किती चांगल्या बांधतो हे सांगायला त्याला दुसऱ्या माणसाची गरज लागत नसे. "माह्यासारखा फाळका लावणारा ह्या जिल्ह्यात दावा मले," असं तो जेवताना, न्हाताना, आजारी असतानासुद्धा म्हणायचा. फाळका म्हणजे ट्रकची मागची झापड. ती पडताना जो आवाज होतो त्यावरून तो समोरच्या मिस्त्रीची लायकी ठरवायचा. रस्त्यानं जाणाऱ्या परक्या ट्रकचा फाळका खडखडला की बा जागच्या जागी शिवी हासडायचा आणि माय आतून विचारायची, "आता कोन मेला?"

आमच्या घरी चुलीत बाभळीच्या ढलप्या आणि सागवानाचा भुसा जळायचा. भुशाचा धूर कडू असतो. भाकरीला, अंबाडीच्या भाजीला, जवसाच्या चटणीला, सगळ्याला तो वास लागायचा, आणि आज शेगडीवरच्या अन्नाला तो लागत नाही म्हणून मला ते बेचव वाटतं. घरात देव नव्हते. पाच वर्षांपूर्वी दीक्षेहून आलो त्या रात्री मायनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून विहिरीत टाकले होते आणि रिकाम्या देवळीत बाची पटाशी आणि खुणा करायची पेन्सिल ठेवायला लागली. मी मॅट्रिक होऊन बसलो होतो. बसलो होतो असं बा म्हणायचा. मी तेव्हा पत्रकं काढत होतो. विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, पत्रक. हॉटेलात कप वेगळा ठेवतात, पत्रक. गुलाबी कागद, खाली माझं नाव, वरती 'जाहीर सवाल'. बाचं माझ्या पत्रकांबद्दल एकच मत होतं: "वाचतो कोन लेका? ज्याचं नाव लिहतं थो त वाचत नाई."

पावसाळ्यात जिन बंद असते. एरवी दिवसभर गरगरणारा तो आवाज नसला की त्या आवाराला मेलेल्या जनावरासारखी शांतता येते. त्या शांततेत बाच्या करवतीचा आवाज स्टेशनपर्यंत जायचा. मी रोज दुपारी त्याची भाकर घेऊन जायचो आणि नाइलाजानं हाताशी लागायचो. लॉरीचा एकच फोटो होता, शेठच्या दिवाणखान्यातला. समोरून काढलेला. हार घातलेली लॉरी, तिच्यासमोर पगडीतले थोरले शेठ. तोंड, काच, दिवे, मडगार्ड सगळं साफ दिसत होतं. मागचं काही दिसत नव्हतं. थोरल्या शेठनीच ते अडवलं होतं. त्यावरून बानं केबिन बांधली. दारं नसलेली, लाकडी बैठकीची. छताच्या कमानी वाकवायला सागाच्या पट्ट्या हौदात भिजत घातल्या. दोन तडकल्या. दोन्हींचा दोष माझ्यावर आला, आणि मी तर तेव्हा आवारातही नव्हतो.

केबिन झाल्यावर बानं वकीलसाहेबांना विचारलं की मागचं काय करू, फोटोत तर नाही. मी तिथंच होतो, त्यांचे शब्द मला पाठ आहेत. ते म्हणाले, "दौलतराव, मागचा भाग ज्यांना आठवतो त्यांना विचारून घ्या ना. पण हुबेहूब हवं हं. खोटं नको."

साधी गोष्ट आहे. मागचा भाग कोणाला आठवणार? जे मागं बसले त्यांना.

त्या रात्री जेवताना बा म्हणाला, "उद्यापासून आडफळी धरतो." मी विचारलं, कसली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. लॉरीत पुढं चार बाक होते, गावच्या लोकांचे. त्यांच्या मागं एक आडवी फळी, या कडेपासून त्या कडेपर्यंत. फळीच्या मागं बाक नाही. तिथं आमची माणसं, बकऱ्या आणि गाठोडी. चढायचं फाळक्याकडून, उतरायचं फाळक्याकडून. पुढच्यांना आमचा पदरसुद्धा लागू नये म्हणून ती फळी. माझी आजी आमच्या मूळ गावाहून त्या फळीमागं उभी राहून यवतमाळच्या दवाखान्यात गेली होती आणि त्याच फळीमागं निजवून तिला परत आणलं होतं.

हातातला घास मी ताटात परत ठेवला. मी म्हणालो, "बा, तुम्ही आपल्या हातानं थे फळी बनवून राह्यले?"

"मंग कोनाच्या हातानं बनवू?"

"देव विहिरीत टाकले. मेलं ढोर ओढनं टाकलं. आन आता शेठच्या मिरवणुकीसाठी आपली फळी आपुनच ठोकायची? कामच सोडा."

"काम सोडलं त सुतारआळीतला कोनी बांधन. थो फळी लावन का?"

"नाईच लावनार. कायले लावन?"

"मंग?" बानं पाण्याचा गडवा खाली ठेवला. "फळी नाई, त आमी कोठी बसलतो? पुढं चार बाक. त्याच्यावर आमी नाई. मागं फळी नाई. म्हंजे आमी लॉरीतच नव्हतो. माही माय त्या दिवशी कायच्यात गेली मंग, विमानात?"

माय म्हणाली, "जेवा पह्यले. फळी पळून नाई जात."

मी घास पुन्हा उचलला. पण पटलं नव्हतं. मला वाटत होतं, अपमानाची हुबेहूब नक्कल करणं हा दुसरा अपमान आहे. माझा हा मुद्दा आजही अगदीच टाकाऊ नाही. पण मुद्दा खोडायला बाप जिवंत नाही, आणि एकट्यानं वाद घालण्यात मजा नसते.

आता उंचीचा प्रश्न आला. बाला हुबेहूब म्हणजे हुबेहूबच हवं होतं; सुतार माणूस अंदाजावर ठेवत नाही. फळीची रुंदी चासीवरून कळत होती, उंची कशावरून काढायची? म्हणून त्यानं मोहल्ल्यातल्या जुन्या माणसांना विचारायला घेतलं. हातात एक काठी, प्रत्येकासमोर ती उभी धरायची, ते सांगतील तिथं पेन्सिलीची खूण. तुळसाआत्या, बाची सगळ्यांत धाकटी आत्या, म्हणाली, "माह्या डोक्याच्या वर होती रे. मले पुढचं काईच नाई दिसे. नुसत्या पगड्याचे तुरे दिसत." झिंगूजी, जो जिनमध्ये हमाल होता आणि अजूनही दोन माणसांच्या जाडीचा होता, म्हणाला, "काय बोलते वं तुळसा. कमरेइतकी होती. म्या तिच्यावर कोपर टेकून बिडी ओढो." बाकीच्या तिघांनी छाती सांगितली, खांदा सांगितला, हनुवटी सांगितली. काठीवर पाच खुणा झाल्या. बाची स्वतःची सहावी. त्याला ती नाकाला लागायची म्हणे. फळीच्या लाकडाचा वास त्याला आठवत होता.

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. एक खूण पकडली असती, फळी ठोकली असती, पुढं गेला असता. माझ्या बापानं काय केलं? वकीलसाहेबांनी खोटं नको म्हणून बजावलं होतं, म्हणून तो त्या पाचही जणांना घेऊन समितीसमोर गेला. उंचीचा निकाल समितीनं द्यावा म्हणून. माणसांना फळी होती का हे सांगायला त्यानं नेलं नव्हतं. फळी होती हे सिद्ध करावं लागेल असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. सूर्य किती वाजता उगवला यावर भांडायला गेलेल्या माणसाला कोणी म्हणावं की सूर्यच दाखव, तसं ते झालं.

मीही सोबत गेलो. ओसरीवर खुर्च्या होत्या, त्यांवर समिती. शेठ झोपाळ्यावर. आमची माणसं खाली पायऱ्यांपाशी उभी. बसा असं कोणी म्हणालं नाही, आणि बसा असं कोणी म्हणालं नाही हे फक्त मला दिसलं. बानं काठी दाखवली आणि सगळं सांगितलं. वकीलसाहेब आधी ऐकत राहिले. मग म्हणाले, "फळी? कसली फळी?" त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "होती बहुतेक काहीतरी. बोजे सरकू नयेत म्हणून लावली असेल बाबांनी." शेठ वाईट माणूस नव्हते, असं लोक मला अजून सांगतात.

"मालासाठी नव्हती जी," बा म्हणाला. "आमच्यासाठी होती. ईचारा ह्याईले."

वकीलसाहेबांनी विचारलं. कोर्टात विचारतात तसं, एकेकाला पुढं बोलावून. तुळसाआत्यानं हात डोक्याच्या वर नेला. झिंगूजीनं कमरेला लावला. ओसरीवर कोणीतरी हसलं. आत्याला ते लागलं आणि ती झिंगूजीवर उलटली, "तू कोपर टेकत होता म्हने. तुले लॉरीत चढू तरी देत होते का रे? तू बैलासंगं पायी जाये."

"म्याच त बोजे चढवो, मले काहून नाई चढू देतीन?"

"मंग तुले फळीच्या मागचं काय मालूम? तू मालासंगं."

"तुले त पुढचं दिसे नाई म्हनते, मंग फळी होती का भिंत होती कसं समजलं?"

आता सगळी ओसरी हसत होती. आमची तीन म्हातारीकोतारी माणसंही हसत होती, कारण ही दोघं आयुष्यभर अशीच भांडत आली होती आणि मोहल्ल्याला तो खेळ ठाऊक होता. हसला नाही तो माझा बाप. काठी धरून तो उभा होता आणि एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. काय होतंय हे त्याला कळलं होतं आणि थांबवता येत नव्हतं.

वकीलसाहेबांनी फार गोड आवाजात सांगितलं, "दौलतराव, रागावू नका. साक्षीदार तुमचेच. माणसं पाच आणि मापं पाच. डोक्याच्या वर, कमरेला, छातीला. हे कुठं टिकेल? वय झालं की आठवणी गोंधळतात, त्यात त्यांचा दोष नाही. फळीचं सोडून द्या. उगाच सणासुदीला कटुता कशाला?"

मी बोललो. काय बोललो ते माझ्या पत्रकांसारखं होतं, मोठ्यानं आणि लांब. मधेच शेठ उठून आत गेले. चौघांनी माना हलवल्या. बानं माझा दंड धरला आणि मला पायऱ्यांवरून खाली ओढलं. फाटकाबाहेर लेकरं लाकडी बैल ओढत येत होती, आणि झिंगूजी खिशात पैसे शोधत होता, बोजारा म्हणून लेकरांच्या हातावर ठेवायला. त्याला अजून वाटत होतं की तो जिंकला.

संध्याकाळी माय भाकरी थापत होती. बा भिंतीला टेकून बसलेला. मी सगळं पुन्हा सांगत होतो, तिसऱ्यांदा. मायनं तव्यावरची भाकर उलटली आणि सहज म्हणाली, "आत्या तवा केवढीशी होती. परकरातली. तिले डोक्याच्या वरच दिसन. झिंगूभाऊ बाप्या मानूस होता, तेले कमरेलेच लागन. फळी त एकच." मग तिनं भाकर फुगायला विस्तवाशी उभी केली.

एवढंच होतं. एका वाक्याचं काम होतं आणि ते वाक्य ओसरीवर सहा माणसांपैकी कोणालाही सुचलं नाही. मॅट्रिक झालेल्या मलाही नाही. आणि सुचलं असतं तर काय झालं असतं? पन्नास वर्षं मी याचं उत्तर देत आलोय: काहीच झालं नसतं. ज्याला फळी नको त्याला सगळ्यांनी एकच माप सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, पढवून आणलंत. मापं वेगळी आली तर खोटी, मापं सारखी आली तर पढवलेली. आमच्या साक्षीला पास व्हायची परीक्षाच कोणी काढलेली नाही.

तरी मी दुसऱ्या दिवशी मायचं वाक्य पत्रकात घातलं. छापखानेवाला नेहमीचा, पण या वेळी म्हणाला, "बाबू, शेठचे हंगामाचे सगळे कागद माझ्याकडं छापतात. तू समजून घे." मी समजून घेतलं नाही. हातानं लिहून चार ठिकाणी डकवलं. पावसानं धुतलं.

बा मात्र शांत झाला होता, आणि तो शांत झाला की घरात सगळे घाबरायचे. त्यानं फळी केली. दीड इंची सागवान, लहानपणी आपल्याला नाकाला लागायची त्या उंचीला. नुसत्या बोल्टांनी बसवली नाही. दोन्ही बाजूंच्या खांबांत खाच पाडून आत घुसवली, वरून लोखंडी रिपिटा मारून त्यांची डोकी चेचली. म्हणाला, "काहाडनाऱ्याले बॉडी फोडा लागन." मी पहिल्यांदा त्या फळीच्या बाजूनं झालो तो तेव्हा. ती अपमान वाटेनाशी झाली होती. ती माझ्या बापाची सही होती.

समितीनं काम पाहिलं, फळी पाहिली आणि काहीच म्हटलं नाही. त्यावरून आम्ही समजून घ्यायला हवं होतं. दसऱ्याच्या दिवशी आमचा अख्खा मोहल्ला दीक्षेच्या आठवणीला नागपूरला जातो, तेव्हाही जायचा. म्हातारी, लेकरं, सगळी. त्या दिवशी गावात आमचं कुत्रंसुद्धा नसे. आणि मिरवणूक दसऱ्याचीच होती. आम्ही परत आलो तेव्हा लॉरी झेंडूच्या हारांसह शेडमध्ये उभी होती. फळी काढता आली नव्हती. दोन्ही खांबांजवळ करवतीनं कापली होती. बॉडी न फोडता. कोण्या सुताराचा सफाईचा हात होता. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं लाकूड उरलं होतं, त्याला हिरवा रंग फासलेला. बानं त्या कापावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "करवत चांगली होती." त्यापुढं त्या लॉरीबद्दल तो मरेपर्यंत बोलला नाही. मरेपर्यंत म्हणजे पुष्कळ वर्षं. ट्रकच्या फाळक्यांना शिव्या देणंही त्यानं त्याच सुमाराला सोडलं. माय म्हणायची, घर सुनं सुनं लागते.

लॉरी अजून आहे. जिन बंद पडली, पण लॉरी फाटकाजवळ टिनाच्या छपराखाली ठेवली आहे, शाळांच्या सहली येतात. मी मागच्या वर्षी गेलो होतो. शेजारी पाटी आहे: 'या लॉरीतून गावातील सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने एकत्र प्रवास करीत.' एका पोरीनं खांबातून बाहेर आलेले ते ठोकळे बघून विचारलं, हे कशाला? मास्तर म्हणाले, हात धरायला. मी त्यांना सांगायला गेलो. ते ऐकून घेत म्हणाले, "असेल काका, पण काही पुरावा?"

म्हणून हे प्रकरण लिहिलं, आणि वाचून झाल्यावर तुम्ही नुसतं हळहळावं यासाठी लिहिलेलं नाही. तुमच्या घरात, शेजारात, वस्तीत त्या किंवा तसल्या कुठल्याही लॉरीत मागं उभं राहून गेलेलं एखादं म्हातारं माणूस अजून असेल, तर आज जा आणि विचारा: फळी कुठवर यायची? कोणी गुडघा सांगेल, कोणी कपाळ. त्यांच्यात भांडण लावू नका, सरासरी काढू नका, कोणाला दुरुस्त करू नका. जसं सांगतील तसं उतरवा, आणि शेजारी एवढंच लिहा की तेव्हा ते केवढे होते. मग तो कागद घेऊन त्या फाटकाशी या आणि ती पाटी उतरवून मागा. मी येतोच आहे. पण मी एकटा आलो की मला पुरावा विचारतात.